जबडा तिचा, कर्म कुणाचं?

आमच्या भाऊजींचं कीर्तन पैठणच्या पंचक्रोशीत लोक आवडीनं ऐकतात. मीही ऐकते. ज्ञानेश्वरी त्यांना मुखोद्गत आहे, वागणं सरळ आहे, आणि कुणाच्या घरी दुःख झालं तर बोलावण्याची वाट न बघता जाऊन बसणारा हा माणूस आहे. म्हणूनच ओसरीवर ते जे बोलले ते मला सोडून देता येत नाही. चिंगीच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्या होत्या. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी त्या चाचपत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मुक्या जिवाचा भोग आहे तो. मागच्या जन्मीचं काही असेल, ते फेडून मोकळी होईल. तुम्ही औषधपाणी करा, पण जिवाला लावून घेऊ नका."

मला धीर द्यायलाच ते बोलले. त्यातला जिव्हाळा मला कळतो. पण त्या बोलण्यामागे जो सिद्धान्त आहे तो मला पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

चिंगी आमची कुत्री. पांढरी, झुपकेदार शेपटीची, साडेपाच किलो वजनाची, नऊ वर्षांची. आमच्याकडे अशा प्रत्येक कुत्र्याला पामेरियन म्हणतात. खरं म्हणजे ही आपल्याकडे रुळलेली स्पिट्झ. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, तेव्हा त्यातल्या टफीला बघून असलंच पिल्लू हवं म्हणून हटून बसलेली मुलं मला आठवतात. चिंगीला माझ्या लेकीनं आणलं, आणि लेक नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर ती माझी झाली.

हिवाळ्यात तिच्या तोंडाला वास यायला लागला. भाकरीचा तुकडा ती एकाच बाजूनं चावायची, मधेच टाकून द्यायची आणि पुन्हा उचलायची. संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंनी तिचा ओठ वर करून मला दाखवलं. दाढांवर तपकिरी कीटण, हिरड्या लालभडक, एक दाढ बोटानं हलत होती. त्यांनी रक्त तपासलं, पूर्ण भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली, मगच दात साफ केले आणि सहा दात काढले. घरी आल्यावर मऊ दहीभात, अँटिबायोटिक, वेदना कमी करणारं औषध. माणसांच्या क्रोसिन-ब्रुफेनच्या गोळ्या घरात असल्या तरी हिला चुकूनही द्यायच्या नाहीत, असं त्यांनी दोनदा बजावलं. ती हळूहळू खायला लागली. आणि मग एका संध्याकाळी गळ्याचा पट्टा सैल करताना माझ्या बोटांना त्या गाठी लागल्या.

त्या गाठींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विचार तिथूनच सुरू झाला. जबड्याचं हाड जिथे कानाकडे वळतं, त्याच्या जरा पुढे आणि खाली, कातडीखाली या लसीकाग्रंथी असतात. निरोगी लहान कुत्र्यात त्या वाटाण्याएवढ्या, कधी हाताला लागतात, कधी लागतही नाहीत. चिंगीच्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या आणि बोटाखालून सटकत होत्या. त्यांच्या मागे आणखी एक मऊसर, मोठी गाठ हाताला लागते ती लाळेची ग्रंथी. ती जन्मापासून तिथेच असते आणि घाबरलेला माणूस तिलाच रोग समजतो. डॉक्टरबाईंनी माझं बोट धरून दोन्हींमधला फरक दाखवला. तोंडातून, ओठांतून, हिरड्यांतून जो लसीकाद्रव वाहत येतो तो या पुढच्या गाठींतून गाळला जातो. हिरड्यांच्या जखमांतले जंतू तिथे पोचतात, त्यांना तोंड देणाऱ्या पेशी तिथे वाढतात, आणि गाठ फुगते. नाक्यावर जास्तीची माणसं नेमली की नाका गजबजलेला दिसतो, तसं ते आहे. दात काढल्यावर असं होऊ शकतं, बहुधा एक-दोन आठवड्यांत उतरतं.

"बहुधा" म्हणताना त्या थांबल्या. मग त्यांनी चिंगीच्या खांद्यापुढे, काखेत, मागच्या पायाच्या गुडघ्यामागे चाचपलं. तिथल्याही गाठी सुजलेल्या असत्या, तर दुसऱ्याच आजाराची शंका घ्यावी लागली असती: गोचिडांमुळे येणारा ताप किंवा लसीकाग्रंथींचा कॅन्सर. तिथे काही नव्हतं. म्हणाल्या, थांबू, उतरल्या नाहीत तर सुई घालून बघू.

त्या थांबण्याच्या दिवसांत भाऊजींचं बोलणं झालं.

आता त्यांच्या बाजूनं जे आहे ते आधी मांडते. कर्माचा सिद्धान्त काही कुणी ओसरीवर बसून रचलेला नाही. जन्म कुठे मिळावा, आयुष्य किती असावं आणि सुखदुःख कोणतं वाट्याला यावं, ही तिन्ही कर्माची फळं, असं योगसूत्रं सांगतात. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तर हा प्रश्न आरोपाच्या रूपातच येतो. ईश्वरानं जग केलं आणि एकाला सुखी, दुसऱ्याला दुःखी केलं, तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? तिथलं उत्तर असं की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. शंकराचार्य पावसाचं उदाहरण घेतात: पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, भात उगवेल की जव, ते बी ठरवतं. आणि अगदी पहिलं कर्म कुठून आलं असं विचारलं, तर संसाराला आरंभच नाही.

हे उत्तर मी हलकं मानत नाही. पण ते कोणत्या खटल्यातलं आहे ते बघायला हवं. आरोपीच्या पिंजऱ्यात तिथे ईश्वर उभा आहे, आणि उत्तर त्याच्या बचावाचं आहे. तेच उत्तर आमच्या ओसरीवर आणलं की ते माझ्या बचावाला उभं राहतं. ईश्वर निर्दोष ठरला म्हणून मी निर्दोष ठरत नाही. ओसरीवर दोघी होतो, मी आणि चिंगी. आपल्या परंपरेनंच सांगितलंय की पशूची योनी ही भोगयोनी. तिथे फळ भोगायचं असतं, नवं कर्म जोडलं जात नाही. कर्म करण्याचा अधिकार माणसाला. मग दोघींपैकी जिच्या कर्माची चौकशी त्या घटकेला करणं शक्य होतं, ती मी. भाऊजींनी चौकशी केली ती चिंगीच्या कर्माची.

आणि ती चौकशी करायला मागच्या जन्मापर्यंत जायचं कारणच नव्हतं. कारण तिच्या जबड्यातच होतं. डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला होता. मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात, वरती २० आणि खाली २२. लांडग्याच्या तोंडातही ४२. आणि या साडेपाच किलोच्या जिवाच्या तोंडातही ४२च. माणसानं कुत्र्याचं अंग लहान केलं, जबडा लहान केला, दातांची संख्या मात्र तीच राहिली. शिवाय दात जबड्याच्या प्रमाणात लहान झालेले नाहीत. एक्स-रेत चिंगीच्या खालच्या मोठ्या दाढेचं मूळ जबड्याच्या खालच्या काठाला जवळजवळ टेकलेलं दिसत होतं. मधे हाडाची एक बारीक पांढरी रेघ. म्हणून अशा कुत्र्यांची दाढ काढताना हाड मोडू नये याची फार काळजी घ्यावी लागते. दाटीवाटीनं, तिरके उभे असलेले दात. फटींत अन्न अडकतं, कीटण साठतं, हिरडी सुजते, मुळाभोवतीचं हाड झिजतं. लहान जातींच्या कुत्र्यांत दातांचे रोग जास्त दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे.

एवढं लहान त्यांना कुणी केलं? पामेरियन हे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून आलं, आणि पूर्वीचे हे कुत्रे आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. १८८८ साली व्हिक्टोरिया राणी फ्लॉरेन्सला गेली असताना तिनं मार्को नावाचा लहान चणीचा एक कुत्रा आणला. राणीला लहान आवडला म्हणून लोकांना लहान हवासा झाला, आणि पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लहानाची लहानाशी गाठ घातली. आपल्याकडची स्पिट्झ त्याच गोतातली. चिंगीच्या प्रारब्धाचा हा भाग असा लिहून ठेवलेला आहे, साल आणि नावासकट. त्यात कर्म आहेच. निवड आहे, इच्छा आहे, त्या इच्छेचं फळ आहे, आणि ते फळ तिसऱ्याच कुणाच्या तोंडात पिकलं आहे.

म्हणजे कर्माचा नियम मी नाकारते आहे असं नाही. केलेलं वाया जात नाही, ही त्यातली गोष्ट तर त्या एक्स-रेसारखी दुसरीकडे कुठे मला दिसलेली नाही. मी एवढंच म्हणते की करणारा आणि भोगणारा एकच, हे गृहीत धरून आपण मुक्या जिवाकडे बघायला लागलो की मधला करणारा, म्हणजे माणूस, नजरेतून सुटतो. तो सुटणं माणसाला सोयीचं आहे. शेतात राबून लंगडा झालेला बैल, उन्हात डांबरी रस्त्यावर ओझं ओढणारं घोडं, सगळ्यांना तेच वाक्य लागू पडतं. आणि बैलाच्या मागे चाबूक घेऊन उभा असलेला माणूस त्या वाक्यात कुठेच नसतो.

आपल्या ग्रंथांनी या बाबतीत माणसाला इतक्या सहज सोडलेलं नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाच्या यज्ञसत्राची कथा आहे. सरमेचं पिल्लू तिथे गेलं आणि राजाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे आलं. आईनं आधी म्हटलं, तूच काही आगळीक केली असशील. ते म्हणालं, मी हवीकडे बघितलंही नाही, चाटलंही नाही. तेव्हा सरमा, एक कुत्री, थेट राजाच्या सत्रात गेली आणि तिनं विचारलं, माझ्या मुलानं काही केलं नसताना त्याला का मारलं? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर अवचित भय येईल असा शाप तिनं दिला, आणि राजा इतका धास्तावला की शापातून सोडवणारा पुरोहित शोधत फिरला.

या कथेत मला सगळ्यांत मोठं वाटतं ते असं की तिथे कुणीही सरमेला सांगत नाही, बाई, तुझ्या पिल्लाचं पूर्वकर्म असेल. सत्रात एवढे जाणते बसलेले असताना कुणीही नाही. पिल्लाचा अपराध होता का, हा प्रश्न तिथे या जन्मातला, त्या दिवसाचा, त्या हवीपुरताच आहे. अपराध नाही म्हटल्यावर जबाबदारी मारणाऱ्यावर येते. त्याच पर्वात पुढे मांडव्य ऋषींची कथा आहे. लहानपणी त्यांनी किड्यांना गवताची काडी टोचली होती, म्हणून त्यांना सुळावर चढण्याचा भोग आला, असं धर्मराज सांगतो. मांडव्य ते मुकाट्यानं मान्य करत नाहीत. एवढ्या लहान अपराधाला एवढी शिक्षा कशी, असा जाब ते विचारतात आणि खुद्द धर्माला माणसाच्या जन्माला यायचा शाप देतात, विदुर तो. चौदा वर्षांपर्यंत पाप लागणार नाही, ही मर्यादाही तेच घालतात. भोगाचा हिशेब ठेवणाऱ्यालाच हिशेब विचारणारी ही परंपरा आहे. भाऊजी ज्या वाटेनं चालतात ती हीच.

भाऊजींच्या कीर्तनात एक दृष्टान्त नेहमी येतो. आई लेकराला धरून कडू औषध पाजते, लेकरू रडतं, पण आईच्या मनात त्याचं हितच असतं. तसं देव दुःख देतो. ऐकताना डोळे भरून यायचे. आता त्यात मी वेगळ्या जागी उभी राहिले आहे, धरणारीच्या. चिंगीचं तोंड डाव्या हातानं उघडायचं, उजव्या हाताच्या बोटानं गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून गळा चोळायचा. टाके पडलेल्या हिरडीला माझं बोट लागलं की ती अंग चोरून घ्यायची. ती चावली नाही. दुखतंय कशासाठी हे तिला सांगायची भाषा माझ्यापाशी नव्हती, आणि भुलीच्या संमतीपत्रावर तिच्या वतीनं सही केली होती ती मी.

त्या जागेवरून बघितलं की त्या दृष्टान्ताला अटी आहेत हे कळतं. दुखवणाऱ्यानं जवळ असायला हवं. जेवढं दुखणं टाळता येईल तेवढं टाळायला हवं. डॉक्टरबाईंनी भूल दिली, त्याशिवाय एका दाताला हात लावला नाही. ज्यासाठी दुखवलं ते हित खरंच साधतंय का, हे पुन्हा पुन्हा तपासायला हवं, आणि साधत नसेल तर थांबायला हवं. यातलं काहीही न करता "तुझ्या भल्यासाठी" म्हणणाऱ्या माणसावर आपण विश्वास ठेवणार नाही. देवाच्या बाबतीत या अटी कशा लावायच्या, हे मला अजून सुटलेलं नाही. एकनाथांच्या देवळात जाऊन मी तसं म्हणतेही. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ती रिकामी करणाऱ्या नाथांना माझा प्रश्न उद्धट वाटणार नाही, एवढी खात्री मला आहे.

गाठी उतरेनात. उजवी थोडी कमी झाली, डावी तशीच. औषधांच्या दुकानातल्या ओळखीच्या मुलानं सांगितलं, काकू, स्टिरॉइडच्या दोन-तीन गोळ्या द्या, सूज पटकन उतरेल. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या ठामपणे नाही म्हणाल्या. सूज उतरेल हे खरं, पण आत कॅन्सर असला तर तोही तेवढ्यापुरता दबेल, सुईच्या तपासणीत नीट दिसणार नाही, आणि पुढच्या उपचारालाही ते बाधेल. आधी बघायचं, मग औषध. मला हे फार मोलाचं वाटलं. "भोग आहे" म्हणणं हे मनाला दिलेलं स्टिरॉइडच असतं पुष्कळदा. वेदना दबते आणि आत काय आहे ते बघायचं राहून जातं.

नाथषष्ठीचे दिवस होते. दिंड्यांनी गाव भरलेलं, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. पुतण्याच्या गाडीनं पहाटेच निघालो. डॉक्टरबाईंनी गाठीत बारीक सुई घातली, भुलीशिवाय. इंजेक्शन टोचावं तेवढंच. सुईतलं काचेवर पसरलं, वाळवलं, रंगवलं. काचेवर जर एकाच जातीच्या मोठ्या पेशींची गर्दी असेल तर काळजी. लहान-मोठ्या, निरनिराळ्या पेशींची मिसळ असेल तर गाठ जंतूंशी झुंजते आहे एवढाच अर्थ. मिसळ निघाली. डाव्या बाजूला काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात मुळाचा बारीक तुकडा राहिला होता, तोच तिथली जखम चिघळत ठेवत होता. तो काढल्यावर गाठ उतरत गेली. आता वाटाण्याहून थोडी मोठी आहे, आणि तेवढी राहिली तरी चालेल असं त्या म्हणाल्या.

भाऊजींना सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला. चिंगीसाठी काल्याचा प्रसाद आठवणीनं ठेवला होता. जबड्याचं, राणीचं, सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, या जातीत जन्माला येणं आणि तुमच्या हाती पडणं, हेही तिचं प्रारब्धच नव्हे का?" उत्तर पक्कं आहे. त्यातून निसटायला जागा नाही, आणि तीच माझी अडचण आहे. ती दगावली असती तरी हेच उत्तर लागू पडलं असतं, मी तिला दवाखान्यात नेलंच नसतं तरीही लागू पडलं असतं. जे काहीही झालं तरी सारखंच खरं राहतं, त्यावरून मी पुढे काय करावं हे मला कळत नाही. आणि कर्मयोनीत जन्मलेल्या बाईला तेवढंच तर कळायला हवं असतं.

आता त्यांच्या घरात एक गोष्ट चालली आहे. नातवाला पिल्लू हवंय. मोबाईलवर त्यानं तळहातावर मावणारं, दोन किलोच्या पुढे न जाणारं पिल्लू बघितलंय आणि पुण्याच्या एका विकणाऱ्याशी बोलणं सुरू आहे. कुत्री अजून व्यायची आहे, आगाऊ पैसे मागताहेत. मी भाऊजींना म्हटलं, हे पिल्लू जन्माला यायचं आहे. त्याच्या तोंडातही ४२ दात यायचे आहेत. ते तोंड किती लहान असावं हे या आठवड्यात तुमच्या घरात ठरतंय, पैसे पाठवले की ठरलं. त्याच्या पूर्वजन्माचं तुम्ही सांगा, या जन्माचं मी विचारते. नातवाला रविवारी माझ्याकडे आणा म्हणून सांगितलंय. चिंगीचा एक्स-रे काढून ठेवला आहे, खिडकीशी धरला तरी दाढेचं मूळ स्पष्ट दिसतं. आणि नगरपालिकेच्या शाळेमागे एका गावठी कुत्रीनं चार पिल्लं घातली आहेत, लांब तोंडाची, तीही त्याला दाखवणार आहे.